माहेरच्या नावानं शोधा

प्रश्न : मावशी, आमच्या कॉलेजच्या लेडीज होस्टेलमध्ये मुलींचं एक छोटं मंडळ आहे. वर्षाला जेमतेम वीस जणी. नव्या मुलीला एक सीनिअर ‘ताई’ नेमून द्यायची, नवरात्रात पहाटे मिळून अंबाबाईला जायचं, या आमच्या पद्धती. पण डिग्री झाली की मुली गायब. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसतं गुड मॉर्निंग. डिसेंबरात स्नेहमेळावा ठेवला, तर चौघीच आल्या. माझी मामेबहीण अमेरिकेत कॉलेजात सोरॉरिटीत, म्हणजे तिथल्या विद्यार्थिनींच्या मंडळात होती, ती पन्नाशीतही त्यांच्या कामाला जाते. आम्हाला का जमत नाही?
– मंडळाची अध्यक्ष, राजारामपुरी

उत्तर : अध्यक्षबाई, डिसेंबरात लग्नसराई असते, पोरांच्या शाळेची गॅदरिंग असतात. त्यातून चौघी आल्या हेच नवल समजा!

आधी मामेबहिणीचं बघू. तिथल्या बऱ्याच सोरॉरिटींत नातं डिग्रीबरोबर संपत नाही. १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी ‘अल्फा कप्पा अल्फा’ सुरू केली. अमेरिकेच्या माजी उपाध्यक्ष कमला हॅरिस त्यातल्याच. तिथं शिकून बाहेर पडलेल्या बायकांच्या वेगळ्या शाखा असतात आणि बाई जिथं राहते त्याच गावात असतात. कॉलेजात परत यायची तिला गरजच नाही. तुम्ही मात्र सगळ्यांना कोल्हापुरात बोलावताय. तुमच्या निम्म्या मुली पुण्यात नोकरीला असणार. हायवेवरची कामं बघता एका दिवसात येऊन-जाऊन कोण करेल? त्यापेक्षा पुण्यातल्या एकीला सांगा, तिच्या घरी चहाला सहा जणी जमवायच्या. तुमच्यातली एखादी पुण्याला गेलेली असेल तर तीही जाईल. सहा जणी जमल्या तरी मेळावा झाला म्हणायचं.

कोल्हापुरात जमायचंच असेल तर त्या आपण होऊन येतात तेव्हा जमा. होस्टेलच्या पोरींचं माहेर कोल्हापुरात नसतं, राधानगरीला, गगनबावड्याला असतं. भाऊबीजेला माहेरी जाताना त्या इथंच एसटी बदलतात. दुसऱ्या दिवशी परतताना तासभर थांबा म्हणा. एवढं जमतं.

आता यादी, आणि खरी गोम इथंच आहे. वसतिगृहांचं कोल्हापूरला काय नवल? शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली. त्यात शिकलेला मुलगा म्हातारा झाला तरी त्याच नावानं सापडतो. पोरीचं तसं नाही. लग्नानंतर आडनाव बदलतं, काही घरांत नावही बदलतात, आणि जुन्या रजिस्टरात वडिलांचा कधीच बंद झालेला नंबर असतो. म्हणून यादी माहेरच्या नावानं करा. पुढं गाव, वर्ष, खोली नंबर आणि तिची ताई कोण, ती कुणाची ताई. हा शेवटचा रकाना सर्वांत कामाचा. अध्यक्षबाईचा मेसेज कुणी वाचत नाही, पण खोलीतल्या ताईचा फोन आला की बाई पोळ्या टाकून उचलते. प्रत्येक मुलीनं आपल्या ताईला आणि ताईच्या ताईला फोन करायचा. वीस जणींचं मंडळ लहान आहे म्हणूनच हे होईल.

फोनवर वर्गणी मागू नका. पहिल्याच फोनला मंडळाच्या अंकासाठी जाहिरात मागितली की दुसरा फोन उचलला जात नाही. त्यांच्याकडं जे आहे ते मागा. एमपीएससीच्या परीक्षेला पुण्याला जाणाऱ्या मुलीला एका रात्रीची सोय. बँकेत असलेल्या ताईकडून इंटरव्ह्यूला काय विचारतात, ते. असं मागितलेलं बायकांना आवडतं, माझा तरी अनुभव तोच आहे.

एक जपा. काहींना सापडायचंच नसतं, सासरी काय परिस्थिती असेल आपल्याला ठाऊक नसतं. विचारल्याशिवाय कुणाचा नंबर ग्रुपवर टाकू नका. नको म्हणाली तर परत फोन नको.

मंडळाच्या नोंदणीचं कुणीतरी डोक्यात घालेलच, कारण कॉलेजांचा दर्जा ठरवणारी नॅकची कमिटी माजी विद्यार्थी संघाचं विचारते. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली सात जणी लागतात. मग आपल्याकडं १९५० च्या विश्वस्त कायद्याची नोंदणी, दरवर्षी हिशेब, पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. दरवर्षी अध्यक्ष बदलणाऱ्या पोरींनी हे कशाला अंगावर घ्यावं? कॉलेजचा माजी विद्यार्थी संघ असेल तर त्यांच्याच खात्यात पैसे ठेवा.

आणि हो, यादी स्वतःच्या मोबाइलवर ठेवू नका. मे महिन्यात तुम्हीही पास होऊन जाल. मंडळाच्या नावाचा एक ईमेल काढा, यादी त्यावर ठेवा, आणि पासवर्ड नव्या अध्यक्षेबरोबरच रेक्टरबाईंकडंही द्या.