ॲप डिझाइन करताना नैतिकता नेमकी कुठे येते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'मी ॲप डिझायनर आहे. डिझाइनमध्ये नैतिकता हवी असं सगळे म्हणतात, पण रोजच्या कामात म्हणजे काय करायचं? आमचे वरिष्ठ म्हणतात, ते वकिलांचं काम आहे.'

वकिलांवर सोडू नका, हे आधी सांगतो. त्यांच्याकडे कागद पोचतो तोवर स्क्रीन तयार झालेली असते आणि खरा निर्णय त्या स्क्रीनमध्येच होऊन गेलेला असतो. मी बरीच वर्षं हे काम करतोय. आता प्रत्येक स्क्रीनपाशी एकच गोष्ट विचारतो: इथे काही चुकलं, तर भुर्दंड कोणाला?

हा प्रश्न मी एका बांधकामाच्या साइटवर शिकलो. मजुरांच्या हजेरीचं ॲप आम्ही बनवलं होतं: अंगठा लावायचा, हजेरी लागली. ऑफिसात आम्हा सगळ्यांचे अंगठे पहिल्या झटक्यात लागायचे. साइटवर पाहिलं तर साठीच्या एक बाई अंगठा लावतायत, पदराला पुसतायत, पाणी लावून पुन्हा लावतायत. वर्षानुवर्षं सिमेंट-वाळू उचलून बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. मागे रांग खोळंबलेली, मुकादम ओरडतोय, आणि स्क्रीनवर दरवेळी तेच वाक्य: 'पुन्हा प्रयत्न करा'. जणू प्रयत्न कमी पडत होते त्यांचेच. शेवटी त्यांचा खाडा पडला. त्या डोक्यावर घमेलं घेऊन समोर उभ्या होत्या आणि आमच्या हिशेबात गैरहजर होत्या.

कोणाचा हेतू वाईट नव्हता. अंगठा न लागलेला माणूस 'गैरहजर' धरायचा, हे आमच्यापैकी कोणी ठरवलंसुद्धा नव्हतं. ते न ठरवल्यामुळेच तसं झालं होतं. नंतर आम्ही बदललं: दोनदा अंगठा लागला नाही की नोंद 'हजर, पडताळणी बाकी' अशी होते, मजुरी चालू राहते, आणि पडताळणी पूर्ण करणं ही ठेकेदाराची जबाबदारी. अंगठ्याचं तंत्रज्ञान तेच राहिलं. भुर्दंड फक्त एका बाजूकडून दुसरीकडे सरकला.

हीच गोष्ट देशाच्या पातळीवर रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर, म्हणजे अंगठा जुळवून मगच धान्य देणाऱ्या यंत्रावर, दिसते. २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयापुढे सादरीकरण केलं, त्यात सरकारी सेवांमधल्या पडताळणीचं यश ८८ टक्के सांगितलं होतं. पडताळणी झाली नाही म्हणजे लाभ नाकारला असं नव्हे, पर्यायी व्यवस्था आहे, हीही बाजू त्यांनी मांडली. पण डिझायनरने उरलेल्या १२ टक्क्यांपाशी थांबायला हवं. ती पर्यायी व्यवस्था मशीनच्या त्याच स्क्रीनवर, त्याच दुकानदाराच्या हाताशी आहे का? की ती फक्त परिपत्रकात आहे? अंगठा न लागलेले एखादे आजोबा धान्य न घेता घरी परतले, तर परिपत्रकाचा त्यांना काय उपयोग?

आता तुमच्या कामाच्या जवळचं. पूर्वी मी एका तिकीट बुकिंगच्या ॲपसाठी स्क्रीन बनवली होती. त्यात प्रवासविम्याच्या चौकटीत खूण आधीच केलेली असायची. ज्याचं लक्ष गेलं नाही, त्याचे पैसे जायचे. माझ्या आईने विचारलं, 'हे पंधरा रुपये कसले रे?' तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज ही फक्त सद्सद्विवेकाची गोष्ट राहिलेली नाही. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये असे १३ प्रकारचे डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या किंवा नकळत अडकवणाऱ्या डिझाइनच्या युक्त्या, दिलेत, आणि विमानाच्या तिकिटात विमा आपोआप जोडणं हे त्यातलं एक उदाहरणच आहे. २०२३ चाच डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो, की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. संमतीची विचारणा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचता यायला हवी. वरिष्ठांना हे दाखवा. 'सहज' किती हे वकील सांगू शकत नाही, ते तुम्ही बटण कुठे ठेवता त्यावर ठरतं.

बैठकीत 'हे अनैतिक आहे' असं म्हणू नका. समोरचा लगेच बचावात जातो. मोजून दाखवा. सदस्यत्व घ्यायला दोन टॅप आणि सोडायला सात, असं फळ्यावर लिहिलं की वाद फार लांबत नाही. काही वेळा तरीही मी हरलोय. एका ठिकाणी 'रद्द करा' हे बटण तीन मेनूंच्या आतच राहिलं आणि शेवटी मी ते काम सोडलं. ते सगळ्यांना परवडेल असं नाही, मला माहीत आहे.

आणखी एक सवय लावून घ्या. यशाच्या आकड्याशेजारी अडखळलेल्यांचा आकडाही त्याच अक्षरांच्या आकारात दाखवा, आणि त्यातल्या पाच जणांना दर महिन्याला स्वतः फोन करा, सर्व्हेचा फॉर्म पाठवून नाही. आमच्या हजेरीच्या ॲपमध्ये मुकादमाला खोटी हजेरी लावता येते, हे आम्हाला अशाच एका फोनवर एका मजुराने सांगितलं. त्यानंतर दिवसाची हजेरी प्रत्येक मजुराच्या स्वतःच्या फोनवर मेसेजने जाऊ लागली, मराठीत आणि हिंदीत.