ठासणीच्या बंदुकीत आठ-दहा बारांनंतर गोळी का अडकते?

तुम्ही विचारलंय की रेप्लिका एनफिल्डमध्ये, म्हणजे १८५७ च्या काळातल्या ब्रिटिश ठासणीच्या रायफलच्या नकलेत, पहिले सात-आठ बार मस्त जातात आणि मग गोळी निम्म्या नळीत अडते, तर बंदूक खराब आहे का. नाही हो, बंदूक ठीक आहे, ती काजळी आहे. इथे व्हर्जिनियात मी सुरुवात केली तेव्हा माझं पण अगदी हेच व्हायचं.

काळी दारू म्हणजे ७५ टक्के सोरा, १५ कोळसा, १० गंधक, आणि जळल्यावर तिच्यातल्या अर्ध्याहून जास्त वजनाचा वायू होतच नाही, क्षार होतात, काही धुरातून जातात आणि बाकीचे नळीला आतून धरतात. हवा कोरडी असली की दुधाच्या पातेल्याला खरवड धरते तसा कडक थर. एनफिल्डच्या आधीच्या ब्राउन बेस या ब्रिटिश बंदुकीची नळी ०.७५ इंच आणि गोळी ०.६९ च्या आसपास, म्हणजे चांगली सैल, नेम यथातथाच पण ठासणं थांबायचं नाही. एनफिल्डची नळी ०.५७७, गोळी जेमतेम मावणारी, म्हणून तिला चरबी. १८५७ च्या काडतुसांची चरबी आपण सगळे शाळेत शिकलो पण ती लावायचेच कशाला हे मला इथे येऊन कळलं, गोळी सरकावी आणि ही काजळी मऊ राहावी म्हणून!

तर गोळीच्या खाचांत मधमाशांचं मेण आणि चरबी भरा, मशीनचं तेल अजिबात नको, त्याचं आत डांबर होतं. दर पाच बारांनी ओलसर चिंधी, मग कोरडी, पण ओली म्हणजे निथळणारी नको, पुढची दारू भिजेल.

आणि हे नीट वाचा: गोळी दारूवर टेकली नसेल तर बार काढायचा नाही, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. गजावर, म्हणजे गोळी ठासायच्या सळईवर, खूण करून ठेवा, गोळी पूर्ण बसल्यावर गज कुठवर येतो त्याची. खूण वर राहिली की थांबा आणि रेंजवरच्या जाणत्या माणसाला बोलवा, हातोडी नको.

धुवायला पाणीच, कारण क्षार पाण्यात विरघळतात. कोकणात आमच्या आजोबांकडे शेतीराखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, ते अंगणात नळीत कढत पाणी ओतायचे, पहिलं पाणी काळंकुट्ट आणि सडक्या अंड्याच्या वासाचं, तिसरं-चौथं नितळ, आणि तोवर नळी हाताला चटका बसेल इतकी तापलेली असायची म्हणजे आतलं पाणी आपोआप सुकायचं. त्याच दिवशी धुवा, उद्यावर टाकलं की गंज. मग हलका तेलाचा हात, आणि सकाळी परत एक कोरडी चिंधी फिरवा, तपकिरी आली तर पुन्हा धुवा.