बाईंचे आभार मानायचेत?

पालक म्हणून शाळेत तुमचं पहिलंच वर्ष, म्हणून सांगते. कॉफीचे मग आणि शोभेच्या वस्तू नकोत, त्यांच्याकडे ढीग असतो. चिठ्ठी लिहा, आणि नेमकं लिहा: ‘जोडाक्षरांना अडखळायचा, तुम्ही घाई केली नाहीत, आता घरी मोठ्याने वाचतो.’ नुसतं ‘थँक्यू टीचर’ कुणीही लिहितं. खाली मुलाला दोन ओळी लिहू द्या. शुद्धलेखन सुधारायला जाऊ नका हं, बाईंना त्याचं अक्षर ओळखू येतं! ख्रिस्ती शाळा आहे, तेव्हा बायबलमधलं एखादं वचन शोभेल. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (५:१२-१३) श्रम करणाऱ्यांचा मान राखायला सांगितलंय, ते चपखल बसतं. एकच पुरे, प्रवचन नको. चिठ्ठीची प्रत मुख्याध्यापकांना जरूर द्या. तक्रारी त्यांच्यापर्यंत आपोआप पोचतात, कौतुक पोचवावं लागतं. ५ ऑक्टोबरच्या जागतिक शिक्षक दिनाची वाटही बघू नका.