टर्बो गेला, असे म्हणण्याआधी : वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेली बरीच पत्रे एकाच प्रकारच्या गाडीविषयी आहेत : दहा-पंधरा वर्षांपूर्वी घरात आलेली, आणि अजूनही लग्नकार्याला, दवाखान्यात जायला, पोळ्याला गावी जायला उपयोगी पडणारी, टर्बो इंजिनाची डिकीवाली सेडान. म्हणून इतर विषयांवरील पत्रे पुढच्या अंकासाठी ठेवून यावेळी ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २०१२ ची डिझेल सेडान असून ती दीड लाख किलोमीटर चालली आहे. शाळा घरापासून सहा किलोमीटरवर आहे आणि गाडी बहुतेक तेवढीच चालते. काही महिन्यांपासून ती चढावर ओढत नाही, ॲक्सिलरेटर दाबला की काळा धूर टाकते. मात्र बंद करून पुन्हा सुरू केली की थोडा वेळ बरी चालते. गॅरेजमध्ये ‘टर्बो गेला’ असे सांगून ३५,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. बदलून घ्यावा का? — एक शिक्षक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : सध्या बदलू नये. टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन पंखे असतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक फिरतो आणि दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. काळा धूर याचा अर्थ एवढाच, की डिझेल पुरेसे जात आहे पण त्याला जळायला हवा कमी पडत आहे. हवा कमी पडण्याची कारणे अनेक आहेत. टर्बो मोडणे हे त्यांतले एक, आणि बहुधा सर्वांत महाग. गॅरेजवाल्यांनी नेमके तिथूनच सुरुवात करावी, हे मला पटत नाही.

आधी एअर फिल्टर काढून पाहावा. आपल्याकडे पांदण रस्त्यावर काळ्या मातीची जी बारीक धूळ उडते, तिने फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी भरतो. त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंत) आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे जाड रबरी होज पाइप तपासावेत. दहा-बारा उन्हाळे काढलेले रबर कडक होते आणि त्याला खालच्या बाजूने बारीक चीर जाते. इंजिन नुसते चालू ठेवले असताना ती मिटलेली राहते व दाब वाढला की उघडते, त्यामुळे उभ्या गाडीवर काहीच सापडत नाही. पाइपच्या आत तेलाचा हलका ओलावा असणे स्वाभाविक आहे. बाहेरून एका जागी तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला, तर तिथेच चीर आहे असे समजावे. पाइपांत दाबाने धूर सोडून गळती शोधण्याचे यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी काही गॅरेजांत असते, त्याचा जरूर उपयोग करावा. इंटरकूलरच्या जाळीत कापसाचे तंतू अडकले आहेत का, हेही पाहावे. हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या ट्रॅक्टरांमागून रोज जाणाऱ्या गाडीची जाळी रुईने अक्षरशः लिंपली जाते, आतून जाणारी हवा थंड होत नाही आणि गरम हवा विरळ असल्याने इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो. जाळी धुताना पाण्याचा जोर कमी ठेवावा, नाहीतर तिची नाजूक पाती वाकतात.

आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा धागा म्हणजे गाडी बंद करून सुरू केल्यावर ती बरी चालते. हवेचा दाब अपेक्षेपेक्षा कमी किंवा जास्त झाला, की गाडीचा संगणक इंजिनाच्या रक्षणासाठी ताकद कमी करतो, आणि बऱ्याच गाड्यांत किल्ली फिरवून पुन्हा सुरू केल्यावर ते बंधन तात्पुरते सुटते. म्हणजे गाडीने दोषाची नोंद करून ठेवली असण्याची दाट शक्यता आहे. स्कॅनर लावून ती वाचून घ्यावी आणि दोष-क्रमांक कागदावर लिहून मागावा. पुष्कळ डिझेल टर्बोंत धुराच्या वाटेवर हलती पाती असतात. रोज सहा किलोमीटर जाणाऱ्या गाडीचे इंजिन धड तापत नाही, काजळी साचते आणि ही पाती अडकतात. त्यांना हलवणाऱ्या यंत्रणेकडे जाणारी करंगळीपेक्षाही बारीक रबरी नळी तडकली, तरी लक्षणे तीच दिसतात, आणि ती नळी अगदी स्वस्तात येते. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला, तरीही काळा धूर येतो.

एवढे सगळे निर्दोष निघाले, तर टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढायला लावून, इंजिन थंड असताना, आपल्यासमोर दांडा हलवून दाखवायला सांगावे. बाजूला किंचित हालचाल चालते. पुढे-मागे जाणवण्यासारखी हालचाल असेल किंवा पंख्याची पाती बाहेरच्या आवरणाला घासलेली दिसत असतील, तर टर्बो खरोखरच गेला आहे. तशा वेळीही त्याला तेल पुरवणारी बारीक नळी नवी घातल्याशिवाय आणि इंटरकूलरमधले तेल साफ केल्याशिवाय नवा टर्बो बसवू नये. जुना टर्बो तेलाअभावी मेला असेल, तर त्याच तुंबलेल्या नळीवर नवाही मरतो.

दुरुस्ती काहीही निघो, आठवड्यातून एकदा गाडी यवतमाळच्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास जरा मोकळी पळवावी.

प्रश्न : आमचे मामाजी म्हणतात, की टर्बोची गाडी अंगणात आणल्यावर पाच मिनिटे चालू ठेवूनच बंद करावी. यजमान मात्र थांबताक्षणी किल्ली काढतात. यावरून घरात रोज बोलणे होते. खरे कोणाचे? — एक वाचक भगिनी, वरुड, जि. अमरावती

उत्तर : ताई, मामाजींचे कारण बरोबर आहे, त्यांची पाच मिनिटे मात्र जास्त आहेत. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरू शकतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. इंजिन बंद केले की तेलाचा प्रवाह थांबतो. त्या क्षणी टर्बो फार तापलेला असेल, तर आत उरलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो आणि तो हळूहळू तेलाची वाट बुजवतो. परंतु गावात शिरल्यापासून अंगणापर्यंत गाडी सावकाशच येते, तेवढ्यात टर्बो बराच निवतो. रोजच्या वापरात अर्धा मिनिट पुरे.

यजमानांना मात्र हे जरूर सांगावे : परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला पोहोचल्यावर, किंवा समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेला टेकून तासभर गाडी हाणल्यानंतर पेट्रोल पंपावर शिरताना, शेवटचे दोन-तीन किलोमीटर वेग उतरवत आणावा. ते जमले नाही तर इंजिन एक-दोन मिनिटे नुसते चालू ठेवावे. आणि पंपावर इंजिन बंदच ठेवावे लागत असल्याने हा वेळ आत शिरण्यापूर्वी कडेला द्यावा. काही पेट्रोल टर्बो गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही विजेवरचा पंप टर्बोत पाणी फिरवत राहतो; तो आवाज बिघाडाचा नव्हे.

सकाळचा नियम मात्र दोघांनाही सारखा आहे. डिसेंबरच्या थंडीत किल्ली मारल्याबरोबर इंजिन जोरात फिरवू नये. तेलाचा दिवा विझू द्यावा आणि पहिले काही किलोमीटर हळू जावे.

प्रश्न : माझी डिझेल गाडी तेरा वर्षांची आहे. ऑईल कमी होत राहते व मधूनमधून निळसर धूर येतो. मेस्त्री ट्रॅक्टरच्या ड्रममधलेच ऑईल टाकतो आणि ‘इंजिन ते इंजिनच’ म्हणतो. उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी भरतो. यात काही चूक होते आहे का? — एक शेतकरी, मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : दोन्ही गोष्टी थांबवाव्यात. ट्रॅक्टरचे ऑईल त्याच्या जागी उत्तम असते, परंतु ते बहुधा १५डब्ल्यू-४० या जाडीचे असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० सिंथेटिक लिहिले असेल, तर थंड इंजिनात जाड तेल टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते आणि तेवढे क्षण दांडा जवळजवळ कोरडा फिरतो. ट्रॅक्टरचे इंजिन दिवसभर एका संथ गतीने चालते, मोटारीच्या टर्बोचे तसे नाही. ऑईल बदलण्याची मुदतही तपासावी. बहुतेक पुस्तिकांत धुळीच्या व अतिउष्ण प्रदेशासाठी कमी मुदत वेगळी दिलेली असते, आणि मे महिन्यात ४५ अंशांवर जाणारा आपला मुलूख त्या प्रदेशात मोडतो. पुस्तिकेत १५,००० असेल, तर मी स्वतः ७,५०० वर बदलीन, आणि किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षातून एकदा.

बोअरच्या पाण्यातले क्षार इंजिनाच्या आतल्या बारीक वाटांत थर धरतात. रेडिएटर पूर्ण धुऊन कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात भरावे. पाणी पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर ते जाते कुठे हे शोधावे, नुसते भरत राहू नये. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

निळा धूर म्हणजे इंजिनात तेल जळत आहे. सकाळी सुरू करताना क्षणभर येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हची सीले झिजलेली असतात. चालताना सतत येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बोचे सील. परंतु त्याआधी इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी तुंबली आहे का ते पाहावे, कारण ती तुंबली की चांगल्या टर्बोमधूनही तेल ढकलले जाते.

एक धोका आपल्याला आणि घरातील प्रत्येक चालकाला ठाऊक असायला हवा. टर्बोमधून फार तेल इंजिनात जाऊ लागले, तर डिझेल इंजिन त्या तेलावरच पळू लागते, आवाज वाढत जातो आणि किल्ली काढूनही ते थांबत नाही. अशा वेळी ब्रेक पक्का दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन दबून बंद पडते. ते साधले नाही तर सर्वांना उतरवून दूर व्हावे. बॉनेट उघडून इंजिनापाशी उभे राहू नये.

प्रश्न : आमची फियाट लिनिया १.३ डिझेल आहे. कंपनीची विक्री आपल्याकडे बंद झाली. सुटे भाग मिळत राहतील का? — आर्वी, जि. वर्धा

उत्तर : इंजिनाची चिंता फारशी नको. हेच १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन मारुतीच्या डिझेल डिझायरमध्ये, टाटाच्या मांझामध्ये आणि शेव्हरोलेच्या सेलमध्येही होते, त्यामुळे फिल्टर, नळ्या, सीले आपल्या तालुक्यातही मिळतील. टर्बो घेताना मात्र सावध असावे. याच इंजिनाच्या कमी ताकदीच्या अवतारात साधा टर्बो आहे आणि जास्त ताकदीच्या अवतारात हलत्या पात्यांचा. नावावर न जाता टर्बोच्या अंगावरील पट्टीचा क्रमांक जुळवूनच घ्यावा. दिवे, बंपर, काचा, दारांचे रबर या वस्तू पुढे दुर्मीळ होतील. नागपूरला चांगल्या स्थितीत दिसल्या तर आजच घेऊन ठेवाव्यात.

प्रश्न : डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात द्यावी लागते असे ऐकले. माझ्या गाडीला लवकरच पंधरा वर्षे होतील. — साकोली, जि. भंडारा

उत्तर : डिझेल गाड्यांबाबतचे दहा वर्षांचे बंधन दिल्ली व राष्ट्रीय राजधानी परिसरातले आहे, भंडाऱ्याला ते लागू नाही. आपल्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर परिवहन कार्यालयात गाडी तपासून ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. नमुना २५ मधील अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करावा. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले असून उशीर केल्यास दरमहा ५०० रुपये जादा पडतात; राज्याचा पर्यावरण कर वेगळा. गाडी काळा धूर टाकत असेल, तर पासिंगला नेण्याआधी दारव्ह्याच्या गुरुजींना दिलेले उत्तर वाचावे. एजंटकडून पीयूसी ‘करून’ घेण्यापेक्षा फाटका पाइप बदलणे स्वस्त पडते.

प्रश्न : २०१४ ची पेट्रोल टर्बो ऑटोमॅटिक सेडान स्वस्तात मिळत आहे. घ्यावी का? इथेनॉलच्या पेट्रोलने ती खराब होईल का? — चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : इथेनॉलची भीती थोडी बाजूला ठेवावी. २० टक्के मिश्रणाने ॲव्हरेज काहीसे घटते, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पण त्याने पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची क्षमता, वाढतो, आणि ते टर्बो इंजिनाला मानवते. त्या काळच्या गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्या नसल्याने इंधनाचे रबरी पाइप व सीले तपासून जरूर तर बदलावीत, आणि टाकीत जुने पेट्रोल महिनोन्‌महिने पडू देऊ नये.

माझी हरकत गिअरबॉक्सला आहे. त्या काळच्या काही सेडानमध्ये दोन कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. बाजाराच्या दिवशी गर्दीत सरकत-थांबत चालताना तो तापतो, आणि तो उघडून नीट बसवणारा माणूस आपल्याला तालुक्यात मिळणार नाही. गाडी टोईंग करून नागपूरला न्यावी लागेल. तेच मॉडेल हाताच्या गिअरचे मिळाले, तर जरूर पाहावे. पाहायला भल्या सकाळी, इंजिन थंड असताना जावे आणि मालकाला आधी गाडी सुरू करून ठेवू नका असे सांगावे. ऑईलची कांडी काढून पातळी पाहावी. तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. ओढ एकसारखी वाढत गेली पाहिजे, मध्येच शिट्टी किंवा फुसफुस ऐकू आली तर हवा गळते आहे. ऑईल बदलल्याच्या पावत्या मागाव्यात, आणि त्या नसतील तर मालकाच्या तोंडी शब्दावर किंमत ठरवू नये.