डिस्क फिरायला लागली की येणारी खरखर: रेग्युलेटर नंतर, आधी ग्राऊंड

तुमचा प्रश्न असा की टीडीए१५४१ए डॅक (डिजिटल आकड्यांचा अ‍ॅनलॉग सिग्नल करणारी चिप) आणि एसएए७२२० फिल्टर (डॅकच्या आधीची डिजिटल फिल्टर चिप) घेऊन सीडी प्लेयर नव्याने बांधलात, अ‍ॅनलॉग आणि डिजिटलला वेगवेगळे ट्रान्सफॉर्मर दिलेत, तरी डिस्क फिरायला लागली की शांत पॅसेजच्या मागे बारीक खरखर येते, तर आता अजून भारी रेग्युलेटर (सप्लायचा व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) कुठला घ्यावा. माझं स्पष्ट मत, रेग्युलेटरला सध्या हातच लावू नका. सप्लाय कितीही शांत असला तरी त्यातून निघालेला करंट परत कुठल्या वाटेने, म्हणजे कुठल्या ग्राऊंडमधून, जातो हे ठरवलेलं नसेल तर सगळे पैसे पाण्यात.

साधा हिशोब बघा. फुल स्केलला आउटपुट २ व्होल्ट आरएमएस धरला तर पीक टू पीक साधारण ५.६ व्होल्ट, १६ बिटच्या ६५,५३६ पायऱ्या, म्हणजे एक पायरी ८६ मायक्रोव्होल्टच्या आसपास. आता पीसीबीवरचं नेहमीचं ३५ मायक्रॉन तांबं घ्या, १ मिमी रुंद आणि २ सेंमी लांब ट्रॅक, त्याचा रेझिस्टन्स भरतो साधारण १० मिलिओहम. लेसरच्या फोकस-ट्रॅकिंग कॉइल आणि मोटर मिळून नुसता १०० मिलिअँप करंट जरी एवढ्याशा तुकड्यातून परत गेला तरी तिथे १ मिलिव्होल्ट पडतो, म्हणजे शेवटच्या बिटाच्या अकरा-बारा पट! आणि तोच तुकडा जर तुमच्या आउटपुट स्टेजचाही ग्राऊंड असेल तर तो १ मिलिव्होल्ट सरळ गाण्यात मिसळला. चाळीत मोरीची नळी एकच असली की वरच्या मजल्यावर बादली ओतल्यावर खालच्या मोरीत पाणी वर येतं, तसंच हे. डिस्क थांबलेली असताना सगळं शांत आणि फिरायला लागली की खरखर, या लक्षणावरून मला तरी पहिला संशय सर्वोच्या (लेसर आणि मोटरला डिस्कवर नेमकं धरून ठेवणाऱ्या सर्किटच्या) परतीच्या करंटवरच येतो. डिस्क आत वाचताना मिनिटाला ५०० फेरे आणि कडेला २०० च्या आसपास फिरते, म्हणजे ८ ते ३ हर्ट्झ, ते काही ऐकू येत नाही, पण ओरखडा किंवा धूळ आली की सर्वो जे झटके मारतो ते बरोबर ऐकू येणाऱ्या बँडमध्ये पडतात.

ट्रान्सफॉर्मर दोन असले तरी ग्राऊंड कुठेतरी भेटतातच, कारण डेटा डॅकपर्यंत न्यायचाय. प्रश्न एवढाच की कुठे भेटतात आणि किती ठिकाणी. टीडीए१५४१ए मध्ये ५ नंबरची पिन अ‍ॅनलॉग ग्राऊंड आणि १४ नंबरची डिजिटल, या दोन्ही चिपच्या खालीच रुंद तांब्याने जोडा आणि दोन्ही सप्लायचे ग्राऊंड वायरीने बाकी कुठेही जोडू नका. त्या चिपला बिटांसाठी १४ डिकपलिंग (गोंगाट शोषून घेणारे) कॅपॅसिटर लागतात, त्यांचं दुसरं टोक पिन ५ कडेच, आणि अगदी जवळ. सर्वो बोर्डची परतीची वायर मात्र थेट स्वतःच्या रिझर्व्हॉयर कॅपॅसिटरवर (रेक्टिफायरनंतरच्या मोठ्या कॅपॅसिटरवर) न्या, डॅकच्या जवळपासही फिरकू देऊ नका.

बरेच जण इथे अ‍ॅनलॉग आणि डिजिटल ग्राऊंड प्लेनमध्ये (बोर्डवरच्या तांब्याच्या सलग थरात) चिरा पाडतात आणि वरून आयटूएसच्या (चिपपासून चिपपर्यंत डिजिटल ऑडिओ नेणाऱ्या) लाईन त्या चिरेवरून ओलांडतात. हे फार वाईट. काही मेगाहर्ट्झला परतीचा करंट सिग्नल ट्रॅकच्या अगदी खालून जायला बघतो, खाली चीर असली की त्याला वळसा पडतो आणि तो वळसा म्हणजे चक्क अँटेना. अख्खा प्लेन ठेवा आणि पार्ट नीट लांब-जवळ मांडा, ते जास्त भरवशाचं. डेटा आणि क्लॉकच्या लाईनवर पाठवणाऱ्या चिपच्या पिनजवळ ३३ ते १०० ओहम सिरीजमध्ये टाकले की कडा थोड्या मऊ होतात.

एसएए७२२० भरपूर करंट खातो, गरम होतो, आणि ११.२८९६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल सहसा त्याच्याच पिनांवर, म्हणजे घड्याळ सगळ्यात गोंगाटाच्या जागी. २० किलोहर्ट्झच्या फुल स्केल सिग्नलला अर्ध्या बिटाइतकी चूक व्हायला फक्त १२१ पिकोसेकंदांची हालचाल पुरते. जमत असेल तर ऑसिलेटर डॅकशेजारी ठेवा, त्याला स्वतःचा छोटा सप्लाय द्या आणि तिथून क्लॉक मागे पाठवा.

रेक्टिफायरचं थोडक्यात सांगतो. रिझर्व्हॉयर कॅपॅसिटर दर १० मिलिसेकंदांत थोडा वेळच चार्ज होतो, त्यामुळे सरासरी अर्धा अँपियर असला तरी पीक कित्येक अँपियरचे असतात. ट्रान्सफॉर्मर-डायोड-कॅपॅसिटर हा लूप छोटा ठेवा, वायरी पिळून घ्या, आणि पुढचा ग्राऊंड कॅपॅसिटरच्या टोकानंतरच घ्या, मधून नाही. फ्लुरोसंट डिस्प्ले असेल तर तो बंद करून फरक ऐका, चांगल्या प्लेयरना डिस्प्ले बंद करायचं बटण उगाच नसतं.

तांब्याच्या मुलाम्याच्या चेसिसवर मात्र खर्च करू नका निदान आत्ता. ११ मेगाहर्ट्झला तांब्यात करंट २० मायक्रॉनच्या आसपासच शिरतो त्यामुळे तिथे तांबं खरंच उपयोगी, पण ५० हर्ट्झला तीच खोली ९ मिमीच्या वर जाते, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राला पातळ मुलामा दिसतही नाही. तिथे लोखंडी पत्रा, अंतर, आणि टोरॉइड (कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) जागच्या जागी फिरवून बघणं हेच चालतं.

काही बदलायच्या आधी -६० डीबीचा टोन असलेला ट्रॅक लावून आउटपुट बऱ्यापैकी ऑडिओ इंटरफेसने रेकॉर्ड करा आणि एफएफटी (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे याचा आलेख) बघा. ५० हर्ट्झचा खांब उंच असेल तर ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र किंवा अ‍ॅम्पबरोबरचा ग्राऊंड लूप, १०० आणि त्याच्या पटीत असेल तर चार्जिंगचे पीक. तळ (मागचा सततचा गोंगाट) अख्खा वर उचलला जातोय आणि ओरखडे असलेली डिस्क लावल्यावर अजून उचलतोय तर सर्वो. मग ११.०२५ किलोहर्ट्झचा फुल स्केल टोन लावा, त्याच्या दोन्ही बाजूंना १०० हर्ट्झवर जोडीने काटे दिसले तर सप्लायचा रिपल (व्होल्टेजमधली उरलेली लहर) क्लॉकमध्ये घुसतोय, आणि तेव्हाच क्लॉकच्या रेग्युलेटरचा विचार करा.

आणि हम घालवायला प्लगची अर्थ पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, २३० व्होल्ट आहेत. चेसिस अर्थलाच बोल्टने घट्ट जोडलेली हवी, सिग्नल ग्राऊंड चेसिसला एकाच ठिकाणी, आरसीए सॉकेटजवळ.