अमेरिकेत इतिहासाची पीएच.डी.: आधी ग्रंथालय बघा

तुम्ही विचारलंय की पुण्यात इतिहासात एम.ए. झालंय, विषय एकोणिसाव्या शतकातली मराठी नियतकालिकं, पीएच.डी.ला अमेरिकेत यायचंय. तर इथे मराठी साहित्य मिळेल का आणि शिकवायचं किती असतं? मी शिकागोत याच वाटेने गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

मराठी पुस्तकं भरपूर मिळतात. ‘पीएल ४८०’ करारात आपण अमेरिकेचा गहू घेतला आणि त्याचे पैसे रुपयांत फेडले. त्या रुपयांतल्या काही भागातून १९६२ पासून भारतात पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे पाठवली गेली. इथल्या शिकागो विद्यापीठाच्या रेगेनस्टाइन ग्रंथालयात मराठी पुस्तकांच्या मांडणीसमोर उभं राहिलं की त्या व्यवहाराचा आवाका कळतो. शेजारीच काचेच्या घुमटाखाली, जमिनीच्या पोटात ३५ लाख खंड मावतील असं कोठार आहे. संगणकावर मागणी नोंदवली की यंत्र पेटी वर आणतं आणि काही मिनिटांत पुस्तक हातात. सोय मोठी, पण तिथे कपाटं चाळता येत नाहीत. शेजारचं पुस्तक सहज नजरेला पडणं मला फार मोलाचं वाटतं, म्हणून उघड्या मांडणीत वेळ काढाच.

मात्र तुमचं काम १९६२ च्या कितीतरी आधीचं. १८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकांची सरकारदरबारी नोंद सुरू झाली आणि मुंबई इलाख्याच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या. मुद्रक कोण, किंमत किती, प्रती किती छापल्या, हे सगळं त्यांत सापडतं. वाचकवर्गाचा अंदाज बांधायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. प्रत्यक्ष अंकांसाठी पुणे नगर वाचन मंदिर, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय इथेच सुरुवात करा. निघण्याआधी तिथे बसून टिपणं काढा आणि मोडी शिकून घ्या. संपादकांचा हस्तलिखित पत्रव्यवहार समोर आला तर मोडीवाचून अडेल, आणि पुण्यात मोडी शिकणं जितकं सोपं तितकं इथे नाही.

शिकवणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून अंगावर येतं. व्याख्यान प्राध्यापक देतात; आठवड्याचा चर्चावर्ग आणि निबंध तपासणं तुमच्याकडे. नुसतं ‘चांगलं लिहिलंय’ चालत नाही; युक्तिवाद नेमका कुठे सुटला ते समासात लिहावं लागतं, मग मुलं गुणांबद्दल विचारायला येतात. वेळ खूप जातो, पण माझ्या प्रबंधाची मांडणी त्यानेच घट्ट झाली.

पैशांचं स्पष्ट सांगते: फी माफी आणि विद्यावेतन दोन्ही मिळत असेल तरच या. कर्ज काढून या विषयात पीएच.डी. करू नका. २०२५ मध्ये शिकागोसह काही विद्यापीठांनी मानव्यविद्येतल्या काही विभागांचे पीएच.डी. प्रवेश कमी केले किंवा थांबवले, त्यामुळे प्रत्येक विभागाची यंदाची सूचना स्वतः वाचा.

बहुतेक ठिकाणी अर्ज डिसेंबरच्या आसपास जातात. सप्टेंबरातच मार्गदर्शकांना मेल करा. दोन परिच्छेद पुरेत. कोणते अंक कुठे पाहिलेत आणि त्यांतून कोणता प्रश्न पडलाय, एवढं त्यात असू द्या.