ती पहिल्यापासून सांगतच होती

पत्र (थोडं संक्षेपानं)

मावशी, माझं वय ३२. सोळाव्या वर्षी '(५००) डेज ऑफ समर' पाहिला आणि तो माझाच सिनेमा होऊन बसला. त्यातला टॉम समर नावाच्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि ती त्याला सोडून जाते. टॉमचं दुःख ते माझं दुःख, आणि समर म्हणजे दगाबाज. पुढे कॉलेजात एक मैत्रीण आवडली. 'मला फक्त मैत्री हवीय' असं तिनं स्वच्छ सांगितलं होतं. तरी मी वाट पाहत राहिलो, तिला गाणी पाठवत राहिलो. ती दुसऱ्या कुणाबरोबर दिसू लागली तेव्हा सगळ्या ग्रुपला सांगितलं, की हिनं मला खेळवलं. काही जणांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. मला तेव्हा त्याचं बरं वाटलं होतं. परवा बायकोला हौसेनं तो सिनेमा दाखवला. अर्ध्यावर ती सहज म्हणाली, 'अरे, ती तर त्याला पहिल्यापासून सांगतेय!' तेव्हापासून चैन नाही. आवडता सिनेमाही गेला आणि मी कसा होतो तेही कळलं. त्या मैत्रिणीला शोधून माफी मागू का? बायकोला हे सांगू का? शिवाय माझा भाचा आता सोळाचा झालाय. 'मामा, तुझा सगळ्यात आवडता पिक्चर दाखव' म्हणून मागे लागलाय. त्याला काय सांगू?

उत्तर

अरे, तुझी बायको जे बोलली ते त्या सिनेमातलंच आहे. २००९चा हा सिनेमा, दिग्दर्शक मार्क वेब याचा पहिलाच. ही प्रेमकथा नाही, असं निवेदक सुरुवातीलाच बजावतो. समरही टॉमला सांगते की मला गंभीर असं काही नको आहे. टॉम ते ऐकतो आणि पुढच्याच क्षणी विसरतो, आणि सोळाव्या वर्षी त्याच्या बाजूला बसून सिनेमा बघणारा तूही विसरलास. असे विसरलेले प्रेक्षक कमी नाहीत. टॉमचं काम करणाऱ्या जोसेफ गॉर्डन-लेव्हिटलाच पुढे जाहीरपणे सांगावं लागलं, की पुन्हा बघा, चूक बहुतेक टॉमची आहे, तो तिचं ऐकतच नाही.

तू आता पुन्हा पाहिला आहेस, तर त्यातल्या एका गोष्टीकडे नीट लक्ष दे. टॉम असा का झाला हे निवेदक अगदी आरंभी सांगतो: लहानपणी ऐकलेली उदास ब्रिटिश गाणी, आणि 'द ग्रॅज्युएट' या १९६७च्या सिनेमाचा त्यानं लावलेला साफ चुकीचा अर्थ. त्या जुन्या सिनेमाच्या शेवटी पळून आलेली दोघं बसमध्ये मागच्या सीटवर बसतात, हसतात, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरत जातं. पोरवयातल्या टॉमला त्यात फक्त प्रेमाचा विजय दिसला होता. पुढे समर आणि तो थिएटरात तोच सिनेमा बघतात, तेव्हा समर रडते आणि याला कळत नाही की हिला झालं काय. म्हणजे कोवळ्या वयात पाहिलेला सिनेमा चुकीचा वाचला तर काय होतं, याच गोष्टीवर तुझा आवडता सिनेमा उभा आहे, आणि तू कोवळ्या वयात तोच चुकीचा वाचलास. मला यात तुझी फजिती दिसत नाही. सोळाव्या वर्षी माणूस सिनेमात स्वतःला शोधतो. त्याला एखादं पात्र सापडलं की तो त्याच्या डोळ्यांनी बघतो आणि बाकीची पात्रं म्हणजे त्याच्या वाटेवर भेटलेली माणसं होतात. या वयात दुसरं कसं बघणार?

सगळा दोष तुझ्या वयावरही टाकू नकोस. सिनेमाही तुला अंधारात ठेवत होता. पडद्यावर पहिल्यांदा येते ती एक पाटी, आणि त्या पाटीत एका बाईला नाव घेऊन शिवी हासडलेली आहे. पोरगा तिथूनच एका बाजूचा होतो. नंतर सगळं टॉमच्या आठवणीतून येतं, तेही दिवसांची उलटापालट करून, त्यामुळे आनंद आणि ताटातूट शेजारी शेजारी बसतात आणि समर एका घटकेत प्रेमळ, दुसऱ्या घटकेत कोरडी वाटते. मधले जे दिवस तिचं मन बदलत गेलं ते आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. ती ज्याच्याशी लग्न करते त्याच्याविषयी जवळपास काही कळत नाही. टॉमला तिचे गुडघे, केस, मानेवरची खूण आवडते, आणि बिनसल्यावर त्याच गोष्टींची तो तशीच यादी करतो, या वेळी तिरस्कारानं. ती मुलगी तीच आहे. हे दिग्दर्शकानं किती चोख दाखवलंय! पण दाखवतानाच गाणी इतकी गोड लावलीत, नाच इतका मोहक रचलाय, की टॉमवर टीका करणारा सिनेमा टॉमच्याच प्रेमात असल्यासारखा वाटतो. मला तो यासाठी पूर्ण निर्दोष वाटत नाही, आणि तरी चांगला वाटतो. तुझा आवडता सिनेमा 'गेला' असं तू लिहितोस. माझ्या मते तो आत्ता कुठे तुझ्या हाती लागलाय.

आता माफीचं.

तुझ्या पत्रात सगळ्यात जड वाक्य सिनेमाविषयीचं नाहीच. 'काही जणांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. मला तेव्हा त्याचं बरं वाटलं होतं.' एकतर्फी प्रेम करणं हा गुन्हा नव्हे. गाणी पाठवत राहणं तिला नकोसं झालं असेल, पण त्यालाही मी वयाचा भाग म्हणेन. 'हिनं मला खेळवलं' हे मात्र खोटं होतं, आणि ते तू चारचौघांत सांगितलंस. त्यानं तिची माणसं तुटली. तू टॉमपेक्षा एक पाऊल पुढे गेलास, बाळा. हे मी तुला बोचावं म्हणून लिहीत नाही. फेड कुठे करायची ते यातूनच कळतं, म्हणून लिहिते.

तिला शोधून काढून लांबलचक पत्र लिहायची तुला आत्ता घाई झालीय, ती आवर. तिची बाजू बघ: इतक्या वर्षांनी, कुठल्याशा कामाच्या दुपारी तुझं नाव समोर येणार. तिनं ते वाचायचं, जुनं सगळं उकरायचं, मग तुला काहीतरी उत्तर द्यायचं, आणि उत्तर नाही दिलं तर पुन्हा तीच वाईट. तिनं तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, की माझं म्हणणं मान. तेव्हाही तू तिच्या मनाचा अंदाज न घेता स्वतःच्या मनाला मोकळी वाट दिलीस. आता माफीच्या नावानं तेच करशील, अशी मला भीती वाटते. त्या पत्रात पुन्हा नायक तूच असशील, फक्त या वेळी पश्चात्ताप झालेला.

त्यापेक्षा ज्यांना खोटं सांगितलंस त्यांच्याकडे जा. त्या ग्रुपमधले काही जण अजून तुझ्या संपर्कात असणारच. एकेकाशी बोल, फोनवर किंवा समोर बसून. सगळ्यांना मिळून एक मेसेज टाकू नकोस, त्याचा तमाशा होतो. 'मी तेव्हा म्हणालो होतो की तिनं मला खेळवलं, ते खरं नव्हतं. तिनं मला आधीच स्पष्ट नकार दिला होता आणि मी तो तुमच्यापासून लपवला.' एवढंच. मी लहान होतो, दुखावलो होतो, असलं शेपूट जोडू नकोस. काही जण हसतील, 'इतकं जुनं काय काढतोस' म्हणतील. म्हणू देत. कुणाला तरी ती आठवेल आणि आपण तिच्याशी कसे वागलो तेही आठवेल. तिच्याकडून काहीही न मागता करता येण्यासारखं काम तेवढंच आहे, आणि ते माफीनाम्याहून अवघड आहे.

यातून कुणी तिच्या संपर्कात असलं, आणि तिनं आपणहून तुझ्याशी बोलायची तयारी दाखवली, तर तीन-चार ओळी लिही. काय केलंस ते, ते चुकीचं होतं हे, आणि उत्तराची गरज नाही हे. सिनेमाचा उल्लेखही नको. आपल्यावर झालेला अन्याय याला एक पिक्चर बघून कळला, हे तिनं कशाला वाचावं?

बायकोला सांग. सांगू का, असा प्रश्नच मला पडला नसता. एका वाक्यात तिनं तुला जे दाखवलं ते तुला इतकं लागलंय, आणि तिला वाटत असेल की तिनं तुझ्या आवडत्या सिनेमाची चेष्टा केली म्हणून तू घुम्यासारखा बसलायस. तिला विनाकारण अपराधी वाटू देऊ नकोस. सांगताना तिच्याकडून 'जाऊ दे रे, सगळेच असं करतात' हे वदवून घ्यायला जाऊ नकोस. ती जे म्हणेल ते ऐक. तिला रागही येईल कदाचित, त्या मुलीच्या बाजूनं. येऊ दे.

राहिला भाचा. त्याला हाच सिनेमा दाखव. शेवटाकडे टॉमची धाकटी बहीण त्याला सांगते, की मागचे दिवस आठवशील तेव्हा पुन्हा एकदा नीट बघ, आणि मग जुनेच प्रसंग परत येतात, त्यात त्यानं न पाहिलेला समरचा उतरलेला चेहरा दिसतो. तिथे भाच्याकडे बघून 'बघ हं आता' असं काही करू नकोस. सिनेमा संपल्यावर त्याला विचार, तुला कोण बरोबर वाटलं? टॉम म्हणाला तर वाद घालू नकोस. समरनं नक्की काय काय सांगितलं होतं ते आठवतंय का, एवढं विचार आणि त्याला आठवू दे. नाही आठवलं तर तो स्वतःच पुन्हा लावून बघेल, या वयाच्या पोरांना हरायला आवडत नाही.

— मावशी